खड्ड्यात गेले की जाणारे टेललाइट

घाटात खड्डा लागला की आमच्या जुन्या २४ व्होल्टच्या ट्रकचे टेललाइट जायचे, पुढच्या वळणावर परत यायचे. इंडिकेटर दिला की ब्रेकलाइटही मिणमिणायचा. एका दिव्याचा करंट दुसऱ्यातून वाट काढतोय, म्हणजे संशय थेट अर्थिंगवर, दिव्यातला करंट चासीमार्गे बॅटरीच्या मायनसकडे परत नेणाऱ्या जोडणीवर. (वायरमन मात्र आधी फ्यूजच बदलतात!) दिवे चालू ठेवून मल्टीमीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसला, दुसरी टेललाइटच्या अर्थिंगला लावली: ३ व्होल्ट. तिथे अर्ध्या व्होल्टच्या आत हवं. चासीवरचा अर्थिंगचा बोल्ट रंग आणि गंजाखाली गाडला गेला होता. बॅटरीची वायर काढली, पॉलिश पेपरने पत्रा चकाकेपर्यंत घासला, वायरच्या टोकाला नवं थिंबल (बोल्टात अडकवायची धातूची कडी) दाबून बसवलं, स्टार वॉशर घालून आवळलं, वरून ग्रीस चोपडलं. आता रीडिंग ०.१.