व्हेगन रनिंग शूज घेताय? मैत्रिणींनो, या चुका टाळा

व्हेगन म्हणजे प्राण्यांपासून मिळणारं काहीही न वापरलेलं. पण चामडं नाही, म्हणजे शूज व्हेगन, असं धरून चालणं ही सगळ्यात मोठी चूक. आजकाल बहुतेक रनिंग शूजचा वरचा भाग पॉलिएस्टरच्या जाळीचा, मधला थर ईव्हीए फोमचा (हलक्या, मऊ प्लास्टिकचा) आणि तळ रबराचा असतो. चामडं त्यात मुळातच कमी. खरी गोम गोंदात आहे. तो जनावरांच्या हाडा-कातड्यापासूनही बनतो आणि कृत्रिमही असतो. शूज हातात घेऊन ते कळत नाही. म्हणून कंपनीला विचारावंच लागतं. ब्रूक्ससारख्या काही कंपन्या स्वतःहून सांगतात. दुकानदाराच्या 'हो मॅडम, प्युअर व्हेगन'वर विसंबू नका.

शूजच्या आत किंवा डब्यावर छोटी चित्रं असतात, ती नक्की बघा. पसरलेल्या कातड्याचा आकार म्हणजे चामडं, विणलेल्या जाळीचा चौकोन म्हणजे कापड, टोकावर उभा केलेला कोरा चौकोन (पत्त्यातल्या चौकटसारखा) म्हणजे इतर साहित्य. वरचा भाग, अस्तर आणि तळ यांची चित्रं वेगवेगळी असतात. गोंदाबद्दल मात्र ही चित्रं काहीच सांगत नाहीत. जुन्या धाटणीच्या मॉडेलवर स्वेडचे तुकडे असतात, तेही चामडंच.

दुसरी चूक आपल्या नागपूरच्या उन्हाची. व्हेगन म्हणून गुळगुळीत कृत्रिम लेदरचे शूज घेतले तर पाय आत अक्षरशः शिजतात. पट्ट्या कमी आणि जाळी जास्त, असाच जोड घ्या. आणि कृपा करून मे महिन्यात शूज स्कूटीच्या डिक्कीत ठेवू नका! बाहेर ४५ अंश असताना डिक्की त्याहून तापते, गोंद सैल पडतो आणि तळ बोटांकडून उकलायला लागतो. मग दोष व्हेगन गोंदाला दिला जातो, ते मला पटत नाही. अंबाझरीला पळून आलात की शूज घरात, सावलीत ठेवा. पावसात भिजले तर आतली गादी काढून वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, पंख्याखाली वाळवा.

मापाचं तर विचारूच नका. नेहमीच्या चपलेचा नंबर सांगून ऑनलाइन मागवलं, की नखं काळी पडलीच म्हणून समजा. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना कागदावर उभं राहून टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंत सेंटिमीटरमध्ये मोजा, दोन्ही पाय मोजा. शूजच्या जिभेवर यूके, यूएस नंबरांशेजारी बरेचदा सेंटिमीटरचा आकडा असतो, त्याच्याशी ताडून बघा. सीताबर्डीत किंवा धरमपेठेत दुकानात जाणार असाल तर पळताना घालता तेच मोजे घालून जा. बोटांच्या पुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवीच.

बायकांच्या शूजची टाच साधारण अरुंद असते. तुमचा पंजा रुंद असेल तर पुरुषांचा जोड घालून बघायला अजिबात लाजू नका. रंग नाही, पाय महत्त्वाचा. टाच निसटत असेल, तर लगेच लहान नंबर घेऊ नका. वरच्या शेवटच्या जादा भोकातून नाडी घालून दोन्ही बाजूंना फास करा, नाडीची टोकं समोरासमोरच्या फासांतून ओवून ओढा. तरीही टाच हलली, तर तो जोड परत करा.