भूमध्य समुद्रात डुंबायचं तर सप्टेंबरात
जर्मनी-इंग्लंडची थंडी सोडून स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाला राहायला आलात, की मे महिन्यातलं ऊन बघून लगेच पाण्यात उतरावंसं वाटतं. जरा थांबा. तेव्हा पाणी जेमतेम १८ अंश असतं, पोटऱ्या बधिर होतात. उन्हाळाभर तापलेला समुद्र सावकाश निवतो, म्हणून सप्टेंबरात तो २५ अंशांच्या आसपास असतो आणि गर्दीही ओसरलेली असते. खरी मजा तेव्हाच! कोकणासारखी मोठी भरती-ओहोटी इथे नाही, त्यामुळे चटई काठाजवळ टाकली तरी चालते. किनाऱ्यावर लावलेला झेंडा मात्र आधी बघा. लाल असेल तर पाण्यात पाऊलही नको. जेलीफिश डसलाच तर जागा चोळू नका, गोडं पाणी ओतू नका. समुद्राच्याच पाण्याने धुऊन थेट जीवरक्षकाकडे जा.