उपकेंद्रातला बीपी-शुगर तपासणीचा दिवस: आदल्या संध्याकाळपासूनची तयारी

आदल्या संध्याकाळीच आशाताईंना फोन करावा आणि दोन याद्या काढाव्यात. तिशी ओलांडूनही एकदाही न तपासलेले कोण, आणि मागच्या महिन्यात गोळ्या न्यायला फिरकलेच नाहीत ते कोण. माझा जीव दुसऱ्या यादीत जास्त अडकतो. बीपी दुखत-खुपत नाही, म्हणून ‘आता बरं वाटतंय’ म्हणत गोळी सोडणारे तिथेच सापडतात. एक आजी अ‍ॅम्लोडिपिन या बीपीच्या गोळीने पावलं सुजली म्हणून ती घ्यायच्या थांबल्या होत्या. कुणी विचारलं असतं तर डॉक्टरांनी गोळी बदलून दिली असती. उपाशीपोटी शुगर तपासायची असेल त्यांना रात्रीच्या जेवणानंतर फक्त पाणी, हा निरोपही त्याच फोनवर द्यावा.

बीपी मशिनचे सेल रात्रीच बदलावेत. कफ, म्हणजे दंडाला गुंडाळायचे पट्टे, दोन मापांचे हवेत, कारण जाड दंडाला लहान कफ लावला की आकडा उगाच वाढतो. खुर्चीला पाठ हवी, शेजारी हात छातीच्या उंचीवर टेकेल असं टेबल. बायका उन्हातून चालत येतात. आल्या आल्या कफ गुंडाळू नये. लघवीला जाऊन येऊ द्यावं, पाच मिनिटं शांत बसवावं, गेल्या अर्ध्या तासात चहा, तंबाखू, मशेरी झाली का विचारावं. मशेरीचं मुद्दाम विचारावं लागतं, आपणहून कुणी सांगत नाही. मग न बोलता दोनदा मोजावं. 140/90 च्या वर आलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजून मगच डॉक्टरांकडे. 180/110 च्या वर असेल तर मात्र त्याच वेळी डॉक्टरांना फोन. सोबत छातीत दुखणं, धाप किंवा तोंड वाकडं होणं असेल तर सरळ 108.

शुगर मोजायच्या मशिनच्या, म्हणजे ग्लुकोमीटरच्या, पट्ट्यांची तारीख बघावी. बोट साबणाने धुऊन कोरडं करावं, गूळ-आंब्याच्या हाताने शुगर खोटी वाढते. सुई प्रत्येकाला नवी. साखरेचा डबा हाताशी असावा: शुगर 70 च्या खाली आणि माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, 15 मिनिटांनी पुन्हा तपासावं.

त्याच दिवशी कर्करोगाच्या खुणाही बघायच्या असतात: तोंडातले पांढरे-लाल चट्टे बघायला टॉर्च आणि हातमोजे, स्तनतपासणीसाठी पडदा.

गोळ्या मोजूनच ठेवाव्यात, प्रत्येकाला 30 दिवस पुरतील इतक्या. पुढची तारीख कार्डावर मोठ्या अक्षरात लिहावी, जमलं तर गावच्या बाजाराच्या दिवसाचीच, म्हणजे त्या फेरीत पाय इकडेही वळतो.