म्हातारपणी नजर कमी होतेय? ल्युटीन-झियाझँथीन कुणी आणि कसं घ्यायचं

काहीही मागवायच्या आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा आणि थेंब टाकून पडदा तपासून घ्या, ही पायरी अजिबात सोडू नका. कारण उतारवयात कमी दिसायची कारणं वेगवेगळी असतात. मोतीबिंदू असेल तर तो कुठल्याच रसाने किंवा गोळीने विरघळत नाही, ऑपरेशनच करावं लागतं. काचबिंदूत डोळ्यातलं प्रेशर कमी करायचे ड्रॉप्स, लेसर किंवा ऑपरेशन लागतं आणि गेलेली नजर परत येत नाही, म्हणून तिथे वनस्पतींचे प्रयोग करत वेळ घालवणं खरंच धोक्याचं आहे.

वनस्पतींतल्या द्रव्यांचा त्यातल्या त्यात भक्कम पुरावा आहे तो एएमडीसाठी, म्हणजे पडद्याचा मधला भाग, मॅक्युला, वयानुसार खराब होतो त्या आजारात. ल्युटीन आणि झियाझँथीन ही पिवळी रंगद्रव्यं मॅक्युलात मुळातच असतात, निळा प्रकाश शोषून घेतात, पण शरीर ती स्वतः बनवत नाही, खाण्यातूनच मिळतात.

आता डॉक्टरांना स्पष्ट विचारा, एएमडी ड्राय (कोरडा प्रकार) आहे की वेट (पडद्याखाली नको त्या रक्तवाहिन्या वाढून गळतात तो) आणि स्टेज कुठली. सगळं यावर ठरतं. अमेरिकेत झालेल्या एरेड्स आणि एरेड्स-२ या मोठ्या अभ्यासांतून (रिझल्ट २००१ आणि २०१३ साली आले) जो फॉर्म्युला ठरला तो इंटरमिजिएट, म्हणजे मधल्या स्टेजच्या लोकांसाठी, किंवा एका डोळ्यात आजार पुढे गेलाय त्यांच्या दुसऱ्या डोळ्यासाठी. पहिल्या अभ्यासात अशा लोकांमध्ये ५ वर्षांत आजार पुढच्या स्टेजला जायचा धोका साधारण २५ टक्क्यांनी कमी झाला. गेलेली नजर मात्र परत येत नाही. अगदी सुरुवातीची स्टेज असेल किंवा आजारच नसेल तर या गोळ्यांचा फायदा दिसलेला नाही, मग उगाच कशाला घ्यायच्या.

बाटलीवर रोजच्या डोसचे आकडे वाचा: ल्युटीन १० मिग्रॅ, झियाझँथीन २ मिग्रॅ, व्हिटॅमिन सी ५०० मिग्रॅ, व्हिटॅमिन ई ४०० आययू, झिंक ८० मिग्रॅ, कॉपर २ मिग्रॅ. झिंक एवढं जास्त घेतलं की शरीरातलं कॉपर कमी होतं म्हणून ते सोबत लागतंच. बीटा कॅरोटीन असलेली बाटली सिगारेट ओढणाऱ्यांनी आणि आधी ओढत होते त्यांनीही घेऊ नये, फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका वाढतो, जुन्या फॉर्म्युल्यात ते होतं आणि त्याच्याच जागी नंतर ल्युटीन आलं. डोस मोठे आहेत, त्यामुळे बाकीची औषधं चालू असतील तर ती यादी डॉक्टरांना दाखवूनच सुरू करा.

गोळी लागत नसेल तरी जेवणातून ही द्रव्यं प्रत्येकानेच घ्यावीत असं मला वाटतं. पालक आणि बाकीच्या हिरव्या पालेभाज्या, मका, मटार. ही द्रव्यं स्निग्ध पदार्थांसोबत शोषली जातात तेव्हा भाजी थोड्या तेलात शिजवा, नुसता रस काढून पिण्यापेक्षा ते बरं. वॉरफरिन ही रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर पालेभाजी एकदम वाढवू नका, व्हिटॅमिन के मुळे औषधाचा परिणाम कमी होतो.

केशरावर छोटे अभ्यास झालेत, थोडा फायदा दिसला पण त्यावर विसंबण्याइतका नाही. हळदीतलं कर्क्युमिन पोटातून फारच कमी शोषलं जातं. बिलबेरी या ब्लूबेरीसारख्या फळाचा पुरावा कच्चा आहे. गिंको, म्हणजे त्या नावाच्या झाडाच्या पानांचा अर्क, तर रक्त पातळ करायच्या गोळ्या घेणाऱ्यांनी टाळाच, रक्तस्त्राव होऊ शकतो.

आणि सिगारेट बंद करा, एएमडीत आपल्या हातात असलेलं सगळ्यात मोठं कारण तेच आहे.

घरी चौकटींचा आम्सलर ग्रिड लावून ठेवा, वाचायचा चष्मा घालून, एक डोळा झाकून, मधल्या ठिपक्याकडे बघायचं, मग दुसरा डोळा. रेषा वाकड्या दिसायला लागल्या किंवा मध्ये काळा डाग आला तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, कारण तो वेट प्रकार असू शकतो आणि त्याला डोळ्यातली इंजेक्शनं लागतात, तीही लवकर.