स्की जॅकेट घेताय? या चुका टाळा

दिवाळी झाली की नागपूर-अमरावतीपासून तालुक्याच्या गावापर्यंत स्वेटर-जॅकेटांची दुकानं लागतात. जानेवारीत उत्तराखंडातल्या औलीला किंवा काश्मीरातल्या गुलमर्गला स्कीइंग, म्हणजे पायाला स्की नावाच्या लांब पट्ट्या बांधून बर्फावर घसरणं, शिकायला निघालेल्या पोरी तिथूनच सगळ्यांत फुगीर जॅकेट उचलतात. दुकानदार सांगतो, "ताई, याच्यात घाम फुटते पाहा!" खरंच बोलतो तो. बर्फावर तोच घाम नडतो.

जाड आहे म्हणजे ऊबदार आहे

ही सगळ्यांत मोठी चूक, आणि दरवर्षी होते. आपली थंडी कोरडी असते. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ अंशांवर आला होता, तरी त्या दिवशीही सकाळी गाडीवरून जाणाऱ्या बाईला फक्त वारा अडवायचा होता. औलीच्या उतारावर, म्हणजे अडीच ते तीन हजार मीटर उंचीवर, वारा अडवायचा, वरून वितळणारा बर्फ अडवायचा आणि आतला घाम बाहेरही काढायचा. बाजारातलं फुगीर जॅकेट यातलं पहिलंच काम करतं.

यवतमाळकडच्या एका मुलीचं काय झालं ते पाहा. आत कापसाची बनियन, वर विणलेला स्वेटर, त्यावर चकचकीत जाड जॅकेट. शिकाऊंना पहिल्या दिवशी कोणी लिफ्टमध्ये, म्हणजे उतारावर वर नेणाऱ्या पाळण्यात, बसवत नाही. पायात स्की बांधून आडव्या पावलांनी चढ चढायला लावतात. अर्ध्या तासात बनियन पिळून काढावी इतकी भिजली. मग प्रशिक्षक समजावून सांगत असताना ती वाऱ्यात उभी, आणि अंगावरचा घाम गार पडला. दुपारपर्यंत वीसेक वेळा पडणं झालं, खांद्याच्या आणि कोपराच्या शिवणीतून पाणी आत गेलं, भरण ओलं होऊन खाली गोळा झालं. रात्री खोलीत टांगलेलं जॅकेट सकाळी ओलंच. दुसऱ्या दिवशी तेच घातलं, तिसऱ्या दिवशी रजईतून बाहेर आली नाही. कोर्सचे पैसे गेले, आणि गावात येऊन सांगितलं काय, तर "तिकडची थंडी आपल्याच्यानं सोसत नाही." थंडीचा दोष नव्हता.

ऊब कापडात नसते, भरणात अडकून राहिलेल्या हवेत असते. पिंजाऱ्याकडून पिंजून आणलेली गादी आणि बसून दगड झालेली गादी यांत कापूस तेवढाच असतो, फरक हवेचा. भरण भिजलं की ही हवा जाते. म्हणून जॅकेट पाहताना आधी बाहेरचं कापड पाहायचं, जाडी नंतर.

लेबलवर दोन आकडे शोधा. पहिला पाणी अडवण्याचा, मिलिमीटरमध्ये. शिकाऊ माणूस बर्फात बसतो, लोळतो, त्यामुळे १०,००० च्या खाली घेऊच नये. ५,००० वालं कोरड्या बर्फात एखाद दिवस निभावतं, पडापडीत नाही. दुसरा आकडा वाफ बाहेर जाऊ देण्याचा, चौरस मीटरमागे २४ तासांत इतके ग्रॅम, तोही १०,००० च्या आसपास असावा. हे आकडेच नसतील, फक्त 'विंटर वेअर' लिहिलं असेल, तर ते गाडीवर घालायचं जॅकेट आहे. शिवणींना आतून पट्टी लावलेली असते. सगळ्या शिवणींना असेल तर उत्तम, निदान खांदे, टोपी आणि छाती तरी हवीच. बाहीवर पाण्याचे थेंब टाकून "पाहा, घरंगळते" म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. तो वरचा लेप असतो, शिवणीचं त्यातून काहीच कळत नाही.

भरण सिंथेटिक असेल तर अंगाला चौरस मीटरमागे ८० ते १०० ग्रॅम आणि बाह्यांना ६० ते ८० पुरतं. काखेखाली चेन हवी. चढताना ती उघडायची, थांबलं की लावायची. बिनचेनचं जॅकेट कितीही भारी असलं तरी शिकाऊ मुलीनं घेऊ नये, असं आमचं मत आहे.

आणि कापसाच्या मुलखात कापसाला नाव ठेवणं जिवावर येतं, पण बर्फात अंगालगत कापूस नको. तो घाम धरून ठेवतो. आत पॉलिस्टर किंवा मेरिनो लोकरीचं थर्मल, त्यावर पातळ फ्लीस (लोकरीसारखं मऊ सिंथेटिक कापड), त्यावर जॅकेट. अति थंडीत जॅकेट बदलायचं नाही, फ्लीस वाढवायचं. उणे १० अंशांत ताशी ३० किलोमीटरचा वारा असला की अंगाला उणे २० सारखं लागतं, तेव्हा हा जादा थर कामी येतो.

डाउन, म्हणजे बदक-हंसाच्या मऊ पिसांचं जॅकेट, हलकं आणि वजनाच्या मानानं सगळ्यांत ऊबदार. पण ओलं झालं की चिपाड. मुक्कामी संध्याकाळी घाला, शिकायला नाही.

भावाचं जॅकेट चालेल, हा विचार

चालत नाही. खांद्यात ढगळ, कमरेखाली आवळ. मग माणूस खालची चेन उघडी ठेवतो आणि बर्फ आत जातो. बायकांच्या मापाचंच घ्या, आणि कुर्तीवर घालून पाहू नका. थर्मल आणि फ्लीस पिशवीत घालून दुकानात न्या. ते घालून दोन्ही हात वर करा: खालची कड कमरेच्या वर सरकता कामा नये. उकिडवं बसा, छातीवर हातांची घडी घाला. पाठीत ताणलं तर एक माप मोठं. हात पुढे केल्यावर बाही अंगठ्याच्या बुडापर्यंत यायला हवी. कमरेला आतून इलॅस्टिकचा झालर-पट्टा आहे का पाहा, पडल्यावर बर्फ वर शिरतो तो यानंच थांबतो.

काचेच्या बांगड्या घरी ठेवा. पडताना फुटतात, मनगटाला लागतात, बाहीही नीट बंद होत नाही.

ओढणी, स्कार्फ लिफ्टजवळ अजिबात नको.

अंबाडा घातला की हेल्मेट बसत नाही. खाली वेणी घालून ती जॅकेटच्या आत टाका.

टोपीची फर फोटोपुरती. हेल्मेटवरून टोपी चढते का, तेवढं पाहा.

एकदाच जाणार असाल तर विकत घेण्याचा हट्ट सोडा, मनाली-सोलंगला भाड्यानं मिळतं. फक्त घेताना मनगट आणि मानेच्या आत हात घालून पाहा. कालच्या माणसाचा ओलावा तिथंच राहतो.

धुवून पेटीत टाकणं

चांगलं जॅकेट बर्फात खराब होत नाही, आपल्या अंगणात होतं. वडीचा साबण, ब्रश आणि दगडावर आपटणं, तिन्ही बंद. कोमट पाणी, अर्धं झाकण सौम्य पातळ साबण, सगळ्या चेन लावून, हातानं दाबत धुवा. सॉफ्टनर, नीळ नको. पिळू नका. खरी गोम शेवटच्या पाण्यात आहे. अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात पाण्यातले क्षार आणि साबण कापडात अडकून बसतात, आणि मग तेच कापड पाणी झटकायच्या ऐवजी पिऊ लागतं. लोक म्हणतात, जॅकेट गेलं. गेलेलं नसतं, नीट खंगाळलेलं नसतं. तीन-चार पाण्यांतून काढा, शेवटचं पाणी फिल्टरचं घ्या. सावलीत आडवं वाळवा. लेबलवर इस्त्री चालते असं असेल तर वरून सुती कापड टाकून मंद इस्त्री फिरवा, वरचा लेप पुन्हा जागा होतो.

घडी दाबून टिनाच्या पेटीत आणि पेटी टिनाच्या छपराखाली, हे तर नकोच. मे महिन्यातलं ४५ अंशांचं ऊन आणि मग पावसाळ्याची दमट हवा, यानं आतला पाणी अडवणारा थर सुटतो. सुती पोत्यात सैल घालून कपाटात हँगरला टांगा, तुरीच्या पोत्यांजवळ नको, उंदीर भरण ओढून नेतात. पुढच्या डिसेंबरात काढल्यावर आतून पांढरा चुरा पडला किंवा कापड हाताला चिकट लागलं तर तो थर संपला, त्यावर कोणताही स्प्रे चालत नाही. ते जॅकेट रात्रीच्या ओलिताला ठेवा. हरभऱ्याच्या वावरात अजून बरेच हिवाळे निघतील.