वेगाचे आकडे फसवू लागले की काय करायचं

ऑटोपायलट उंची काटेकोर धरतो, लांबच्या उड्डाणात वैमानिकाचा शीण वाचवतो. खरी अडचण तो अचानक सुटतो तेव्हा. १ जून २००९ रोजी एअर फ्रान्सच्या ४४७ क्रमांकाच्या उड्डाणात वेग मोजणाऱ्या पिटो नळ्यांत बर्फ साचला, वेगाचे आकडे बिघडले, ऑटोपायलट सुटला. नाक वर ओढलं गेलं, विमान ३५ हजारांवरून ३८ हजार फुटांकडे चढून स्टॉल झालं, म्हणजे पंखांची उचल तुटली. २२८ जण गेले.

समतल उड्डाणात विमान स्थिर असेल तर नाक आणि थ्रस्ट (इंजिनांचा जोर) आहेत तिथेच ठेवा. ऑटोपायलट, ऑटोथ्रस्ट (थ्रस्ट आपोआप सांभाळणारा) आणि फ्लाइट डायरेक्टर (नाक कुठे ठेवायचं ते पडद्यावर पट्ट्यांनी दाखवणारा) तिन्ही बंद करा. तिसरा हमखास विसरला जातो आणि त्याचे पट्टे भलतीकडेच नेतात. मग तक्त्यातून वजन-उंचीनुसार नाकाचा कोन आणि थ्रस्ट लावा. उड्डाण धोक्यात असेल तर एअरबस ए-३३०मध्ये १० हजार फुटांच्या वर असताना नाक ५ अंश वर आणि क्लाइंब थ्रस्ट, म्हणजे चढतानाचा जोर.

स्टॉलचा इशारा आला तर आधी नाक खाली. एक विचित्र गोष्ट: ए-३३०मध्ये मोजलेला वेग ६० नॉटच्या खाली गेला की इशारा थांबतो. नाक खाली केल्यावर वेग वाढून तो पुन्हा वाजला, तरी घाबरून काठी मागे ओढू नका.