खाडीकाठचं प्लॅनिंग शिकायचंय? आधी पाण्याची पातळी शोधा

कोकणातली बरीच पोरं हल्ली विचारतात, अर्बन प्लॅनिंगला जाऊ का, आणि त्यांच्या डोक्यात बहुतेक वेळा एकच चित्र असतं, खाडीच्या कडेने पेव्हर ब्लॉकचा वॉकवे, दिवे, खाऊगल्ली, बोटिंग. चित्र वाईट नाही. पण मी चिपळूण-दाभोळ-राजापूर पट्ट्यात जुन्या धक्क्यांच्या आणि खाडीकाठच्या जागांच्या आराखड्यांवर काम करतोय आणि या कामात वॉकवे सगळ्यात शेवटी येतो, म्हणून नवीन येणाऱ्यांसाठी हे सविस्तर लिहितोय.

शिक्षणाचं पटकन सांगतो. बारावीनंतर बी. प्लॅन, म्हणजे नियोजनाची पदवी करता येते, किंवा सिव्हिल, आर्किटेक्चर करून मग मास्टर्स. पुण्यात सीओईपी, अहमदाबादला सेप्ट, दिल्ली-भोपाळला एसपीए ही नावं सगळ्यांना माहिती असतात, मास्टर्ससाठी गेट या प्रवेश परीक्षेचा आर्किटेक्चर अँड प्लॅनिंगचा पेपर बघा. सिव्हिल डिप्लोमावाल्यांनी नगर रचना विभागाच्या रचना सहायक भरतीवर लक्ष ठेवावं. नकाशांसाठी क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर फुकट आहे, पुराच्या मॉडेलसाठी हेक-रास पण फुकट आहे, दोन्ही घरी बसून शिकता येतात, कॉलेज शिकवेल म्हणून थांबू नका.

आता कॉलेजात काय होतं, वॉटरफ्रंटचा, म्हणजे पाणकाठाचा डिझाइन स्टुडिओ आला की केस स्टडी बाहेरच्या देशातली येते. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचं गॅस स्ट्रीट बेसिन घ्या, कालव्यांवरच्या बोटींचा जुना तळ. दोन कालवे तिथे समोरासमोर येतात, पण आपलं पाणी दुसऱ्या कंपनीच्या कालव्यात जाईल म्हणून मध्ये साधारण सात फुटांचा बांध ठेवला होता आणि माल अक्षरशः हाताने उचलून पलीकडच्या बोटीत टाकायचे, शेवटी १८१५ मध्ये तिथे लॉक, म्हणजे बोट पलीकडे नेणारं दरवाज्यांचं कुंड झालं. उद्योग गेल्यावर तो सगळा भाग पडीक झाला आणि विसाव्या शतकाच्या शेवटी आजूबाजूला कन्व्हेन्शन सेंटर, ऑफिसं, हॉटेलं आली. अभ्यास करण्यासारखं काम आहे, शंकाच नाही. पण तिथलं पाणी लॉकने बांधलेलं आहे, पातळी जवळजवळ हलत नाही, म्हणून हॉटेलचं टेबल पाण्याला लागून मांडता येतं. आपल्या खाडीचं पाणी दिवसातून दोनदा चढतं, दोनदा उतरतं, आणि पावसाळ्यात वरून नदी येते ती वेगळीच. तेच ड्रॉइंग उचलून चिपळूणच्या वाशिष्ठी नदीच्या काठावर ठेवलं तर पहिल्याच पावसाळ्यात ते वाहून जाईल.

म्हणून पहिलं काम पातळी. खाडीकाठच्या म्हाताऱ्या माणसांना भरतीचं गणित तोंडपाठ असतं, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, म्हणजे अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकराच्या आसपास. हे खाडीच्या मुखाजवळचं, खाडीत जसं आत जाल तसा उशीर होत जातो. अमावास्या-पौर्णिमेला उधाण म्हणजे मोठी भरती, अष्टमीच्या सुमाराला भांग म्हणजे लहान भरती, आणि उधाणाचा जोर तिथीनंतर एक-दोन दिवसांनी जास्त असतो. हे कळलं की मग टाइड टेबल उघडा, आणि इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, टाइड टेबलातले मीटर चार्ट डेटमवरून, म्हणजे साधारण सगळ्यात खालच्या ओहोटीच्या पातळीवरून मोजलेले असतात आणि टोपोशीटवरची किंवा सर्वेअरची लेव्हल समुद्रसपाटीच्या सरासरीवरून. दोन्हींचा शून्य वेगळा आहे. रूपांतर न करता एकाच सेक्शनवर, म्हणजे उभ्या छेदाच्या ड्रॉइंगवर दोन्ही आकडे टाकले तर धक्का कागदावर पाण्यात आणि जागेवर कोरडा निघतो. सर्वेअरला पहिल्याच दिवशी विचारा, तुमचा बेंचमार्क, म्हणजे उंची मोजायचा ठरलेला खुणेचा बिंदू, कुठला.

दाभोळ खाडीतल्या एका जुन्या धक्क्यावर जांभ्याच्या पायऱ्या आहेत. खालच्या पायऱ्यांना कालवं (शिंपले) चिकटलेली, त्याच्या वर हिरवं शेवाळ, त्याच्या वर दगड कोरडा पण काळपट. तिथले एक तात्या होडी बांधता बांधता मला म्हणाले, “बाला, ही पायरी भांगाची, ती वरची उधानाची. तुमी रेलिंग घातलात तर आमी होडी लावायची कुठं?” मी टेप घेऊन त्या रेषा मोजल्या. इतका सरळ डेटा कुठल्याही रिपोर्टात मिळत नाही. पायऱ्या का आहेत तर पाणी कुठेही असो, होडीतून उतरणाऱ्याच्या पायाखाली एक तरी पायरी यावी म्हणून. ज्यांनी बांधलं त्यांना सगळं माहिती होतं, आणि सुशोभीकरणाच्या नावाखाली आपण सरळ भिंत घालून वर स्टीलचं रेलिंग लावतो तेव्हा ते सगळं पुसतो. मला हे मनापासून खटकतं.

खाडीच्या वरच्या बाजूला, नदीकडे, हिशोब अजून अवघड. चिपळूणला पाऊस, शिवनदी, खाडीची भरती आणि कोयनेचं वीजनिर्मितीनंतर कोळकेवाडीतून येणारं पाणी, सगळं वाशिष्ठीतच येतं. २००५ ला पूर आला, २२ जुलै २०२१ ला तर बाजारपेठ बुडाली, त्यानंतर गाळ काढण्यासाठी लोक आंदोलनाला बसले. त्यामुळे निळी आणि लाल पूररेषा नकाशावर आधी घ्या. निळी म्हणजे ढोबळमानाने २५ वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा. निळीच्या आत निषिद्ध क्षेत्र, निळी ते लाल नियंत्रित क्षेत्र. पण रेषा ओढून मोकळं होऊ नका, निळीच्या आत ज्यांचं आजोबांपासूनचं घर आहे त्यांना दुरुस्ती करायचीय, त्यांच्याशी बसून बोला. दुकानांच्या भिंतीवर पाण्याची खूण अजून दिसत असेल तर तिची उंची घ्या, दुकानदार स्वतः दाखवतात, कारण ती रात्र त्यांनी काढलेली असते.

मग जागा कोणाची हा प्रश्न. एका छोट्या धक्क्याभोवती मेरीटाईम बोर्ड, नगरपरिषद किंवा ग्रामपंचायत, महसूल, जलसंपदा, कांदळवन असेल तर वन विभाग, आणि मधे कोणाची तरी खाजगी मिळकत. सातबारा, मिळकत पत्रिका, मोजणी नकाशा हे तिन्ही जुळवल्याशिवाय डिझाइनला हात लावू नये असं माझं ठाम मत आहे. सीआरझेड, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राचे नियम, पण आहेतच, खाडीत ती हद्द कुठपर्यंत लागू ते पाण्याच्या खारटपणावर ठरतं, वर्षातल्या सगळ्यात कोरड्या काळात हजारी ५ भाग ही मर्यादा. १००० चौरस मीटरपेक्षा जास्त कांदळवन असलं तर त्याच्या भोवती ५० मीटरचा बफर. कांदळवन तोडून व्ह्यू मोकळा करा असं सुचवणारे भेटतील, त्यांना स्पष्ट नाही म्हणा, काठाची माती तीच झाडं धरून ठेवतात.

लोकांशी बोलायला भोई, खारवी, दालदी वस्त्यांमध्ये जा, पण सकाळी दहाला मीटिंग ठेवू नका, भरती बघून वेळ ठरवा नाहीतर सगळे पाण्यावर असतील. बायकांना वेगळं भेटा, मासळी सुकवायची जागा आणि रात्री धक्क्यावर दिवा या दोन गोष्टी त्याच सांगतात.

प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती-सूचना मागवतात, शिकत असाल तरी तुमच्या गावासाठी एक हरकत स्वतः लिहा. मराठीत, सर्वे नंबर घालून, सोबत एक नकाशा जोडून, आणि सुनावणीला जाऊन बसा. इंटर्नशिपसाठी पोर्टफोलिओ पाठवाल तेव्हा रंगीत थ्री-डी व्ह्यू कमी ठेवा, खाडीचा एकच सेक्शन टाका ज्यात भांग, उधाण, निळी रेषा, लाल रेषा, रस्ता आणि जवळच्या घराचा उंबरठा एकाच डेटमवर आहेत. मी तरी आलेल्या फाइलींमध्ये आधी तेच शोधतो.